कीड-छायाचित्रणासाठी भक्कम व परवडणारा ट्रायपॉड : निवड आणि वापर

सीताफळाच्या बागेतून कृषी विज्ञान केंद्राच्या व्हॉट्सअॅप गटावर एक छायाचित्र येते. फळाच्या देठाजवळ कापसासारखे पांढरे, मेणचट पुंजके दिसतात. त्यांपैकी एक-दोन इतरांहून बरेच मोठे असतात. चित्र किंचित हललेले असते. सोबत प्रश्न असतो, "पिठ्या ढेकूण फार वाढलाय, कोणते औषध मारू?" विस्तार कार्यकर्त्यांना हा प्रसंग नवा नाही. बहुतेक वेळा उत्तर तत्काळ दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी फवारणी होते. वस्तुतः त्यातील मोठे पांढरे पुंजके पिठ्या ढेकणाचे नसून क्रिप्टोलिमस या ढालकिड्याच्या अळीचे असण्याची शक्यता असते. १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला हा भुंगेरा पिठ्या ढेकणावर उपजीविका करतो आणि त्याची अळी अंगावर तसेच पांढरे मेण बाळगते. पिठ्या ढेकणाची पूर्ण वाढलेली मादी ३ ते ५ मि.मी. असते, तर ही अळी त्याच्या दुपटीहून अधिक लांब होते, तिच्या मेणाचे तंतू लांब व विस्कळीत असतात आणि ती भराभर चालते. चालणे स्थिर चित्रात दिसत नाही. तंतू व पाय दिसतात, परंतु चित्र स्पष्ट असेल तरच. अस्पष्ट चित्रावरून दिलेल्या सल्ल्याने बागेत फुकट राबणारा मित्रकीटक मारला जातो, औषधाचा खर्च होतो आणि मेणाच्या आवरणाखाली सुरक्षित राहिलेला पिठ्या ढेकूण पुन्हा वाढतो.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या बाबतीतही हेच घडते. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात या किडीची भारतातील पहिली नोंद झाली आणि त्यानंतर ती देशभर पसरली. तिची शेतातील ओळख दोन खुणांवर अवलंबून आहे. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे ठेवल्यासारखी फिकट रेषा आणि शेवटून दुसऱ्या खंडावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत बसवल्यासारखे चार गडद ठिपके. मक्याच्या पोंग्यात नेहमीची लष्करी अळी, तंबाखूवरील पाने खाणारी अळी किंवा घाटे अळीही आढळू शकते. लहान अळीचे डोके एक-दीड मिलिमीटरचे असते. त्यावरील रेषा दाखवायची, तर चित्रात त्या डोक्याचा प्रत्येक दशांश मिलिमीटर वेगळा दिसला पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. शेतकऱ्याने मोबाइलवरून पाठविलेल्या चित्रावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने किडीची ओळख पटविणे हा तिचा गाभा आहे. संगणकाला मात्र अनुभवी कीटकशास्त्रज्ञाप्रमाणे "बहुधा हे असावे" असा अंदाज बांधून पुन्हा विचारणा करता येईलच असे नाही. त्याला चित्रात जे मिळते त्यावरच तो उत्तर देतो. अशा काळात कार्यकर्त्याच्या झोळीतील भिंगाइतकेच महत्त्व कॅमेऱ्याखालच्या आधाराला आले आहे. तरीही अनेक केंद्रांत चाळीस-पन्नास हजारांचा कॅमेरा आढळतो आणि त्याच्या सोबतीला हात लावताच डुगडुगणारा, हजार रुपयांचा ट्रायपॉड.

हात किती हलतो?

मिलिमीटरमध्ये मोजायच्या विषयाचे गणित साधे आहे. मिरचीवरील फुलकिडा सुमारे १ मि.मी. लांबीचा असतो. शटर उघडे असताना कॅमेरा केवळ ०.१ मि.मी. सरकला, तरी त्या किड्याचे चित्र त्याच्या लांबीच्या एक-दशांशाने पुसले जाते. पंखांची झालर, पायांचे सांधे, अंगावरील पट्टे सर्व नाहीसे होतात. देवळाच्या शिखराचे चित्र घेताना एवढी हालचाल ध्यानातही येत नाही. छायाचित्रकारांत प्रचलित असलेला नियम, म्हणजे लेन्सच्या केंद्रांतराच्या व्यस्त प्रमाणात शटरचा वेग ठेवावा (१०० मि.मी. लेन्सला सेकंदाचा शंभरावा भाग), तो दूरच्या दृश्यांसाठी ठीक आहे. जवळच्या चित्रणात तो अपुरा पडतो.

दुसरी अडचण स्पष्टतेच्या खोलीची. मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मॅक्रो लेन्स लावून किड्याची प्रतिमा त्याच्या मूळ आकाराएवढी घेतली आणि छिद्र एफ ११ इतके लहान ठेवले, तरी स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. म्हणजे हात पुढे-मागे एक मिलिमीटर झुकला की डोळ्यावरचा फोकस शेपटीवर जातो. छिद्र आणखी लहान करावे, तर प्रकाश कमी होतो, शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते आणि हाताची थरथर पुन्हा पुढे येते.

फ्लॅश वापरून हे टाळता येते असा युक्तिवाद केला जातो व तो अर्धा खरा आहे. पळणाऱ्या तुडतुड्यासाठी, उडणाऱ्या परोपजीवी गांधीलमाशीसाठी पांढऱ्या कागदाने मऊ केलेला फ्लॅश आणि हातातला कॅमेरा हीच योग्य जोडी होय. तेथे ट्रायपॉड अडथळाच ठरतो. परंतु पिठ्या ढेकणाचे मेण, पांढऱ्या माशीची पिले, खवले किडीची चमकदार पाठ यांवर थेट फ्लॅश मारल्यास सगळे पांढरेफटक होते. अंडी, कोष, पानाच्या मागील कोळ्यांची जाळी, रोगाची लक्षणे, प्रकाश सापळ्यातील पतंग, एकाच झाडाचे आठवड्यागणिक घेतलेले चित्र, प्रशिक्षणासाठीची चित्रफीत या सर्वांना ट्रायपॉडच हवा. शिवाय कीटकांचे चित्रण करण्यास सर्वांत अनुकूल वेळ म्हणजे सूर्योदयानंतरचा पहिला तास. गारव्यामुळे कीटक सुस्त असतात, वारा पडलेला असतो, दव असते. नेमका तेव्हाच प्रकाश कमी असतो.

पायांची जाडी, भाग आणि सांधे

जाहिरातीत ट्रायपॉडची उंची आणि भारक्षमता ठळक छापलेली असते. खरेदी करणाऱ्याने या दोन्ही आकड्यांकडे प्रथम पाहू नये. भारक्षमता मोजण्याची सर्व उत्पादक पाळतात अशी एकच पद्धत नाही. दहा किलो वजन ठेवले तरी ट्रायपॉड मोडत नाही, एवढाच कधी कधी त्याचा अर्थ असतो. तो थरथरत नाही असे त्यातून सिद्ध होत नाही. साधा कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि फ्लॅश मिळून दीड किलोच्या आसपास वजन होते. छापील क्षमता याच्या किमान तिप्पट असावी, हा एक सावध ठोकताळा म्हणून ठेवावा आणि पुढचे सर्व हाताने तपासावे.

ट्रायपॉडची ताठरता मुख्यत्वे पायाच्या नळीच्या व्यासावर ठरते. समान जाडीच्या पत्र्याच्या नळीची वाकण्यास विरोध करण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २२ मि.मी. व्यासाऐवजी २८ मि.मी. व्यास घेतल्यास ती दुपटीहून किंचित अधिक होते. मात्र माहितीपत्रकात दिलेला व्यास सर्वांत वरच्या, सर्वांत जाड नळीचा असतो. खालच्या प्रत्येक भागागणिक तो साधारण ३ ते ४ मि.मी.नी कमी होत जातो. म्हणून चार किंवा पाच भागांचा ट्रायपॉड मिटवल्यावर लहान दिसला, पिशवीत मावला, तरी त्याचा सर्वांत खालचा पाय बोटाहून बारीक असतो आणि सगळा डोलारा त्यावर उभा राहतो. मोटारसायकलवरून गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्याला लहान पिशवीचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि तीन भागांचा, मिटवल्यावर साठ-पासष्ट सेंटिमीटर भरणारा ट्रायपॉडही गाडीच्या मागे आडवा बांधता येतो. सर्वांत बारीक नळी १८ मि.मी.हून कमी असू नये.

पाय पक्का करण्याचे खटके दोन प्रकारचे असतात. दाबून बंद होणारे खटके लांबूनच उघडे की बंद ते दिसतात, हातमोजे घातले असताना चालवता येतात आणि सैल झाले तर बहुधा एका लहान षट्कोनी चावीने आवळता येतात. पिळून बंद होणारी कडी आटोपशीर असते, फांद्यांत अडकत नाही, पण तिच्या आट्यांत वाळू व चिखल जातो. चिखलणी केलेल्या भातखाचरात, नदीकाठच्या कलिंगडाच्या वाडीत काम करणाऱ्यांनी दाबाचे खटके पत्करावेत. खटक्याची पट्टी धातूची असल्यास उत्तम; प्लॅस्टिकची असल्यास ती उन्हात ठिसूळ होते आणि सुटा भाग क्वचितच मिळतो.

ॲल्युमिनियम की कार्बन फायबर, हा प्रश्न परवडण्याच्या मर्यादेत फारसा उरत नाही. कार्बन फायबर हलके असते, कंपने लवकर शमवते, हिवाळ्यात हाताला गार लागत नाही. पण त्याची किंमत तेवढ्याच भक्कम ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट असते आणि दगडावर आदळल्यास ते वाकण्याऐवजी तडकते. शेतातील वापराला ॲल्युमिनियम पुरेसे आहे. किंबहुना या कामी थोडे वजन उपकारकच. दीड किलोहून हलका ट्रायपॉड वाऱ्यात टिकत नाही व अडीच-तीन किलोहून जड असलेला कार्यालयाच्या कपाटातून बाहेर निघत नाही.

कमी उंचीचे महत्त्व

पाच-साडेपाच फूट उंचीसाठी ग्राहक पैसे मोजतो. किडींचे बहुतांश चित्रण मात्र जमिनीपासून अर्ध्या फुटापासून कमरेपर्यंतच होते. सोयाबीनवरील चक्रीभुंग्याची खाच, हरभऱ्यातील घाटे अळी, कांद्याच्या पातीतील फुलकिडे, भाताच्या बुंध्याशी बसलेले तपकिरी तुडतुडे यांपैकी एकालाही उंच ट्रायपॉड लागत नाही. कपाशी व तूर छातीपर्यंत येतात. उसासाठी कोणताच ट्रायपॉड पुरत नाही. म्हणून मधला दांडा न उचलता १२० सें.मी. उंची मिळाली तरी पुष्कळ झाली. त्याऐवजी किमान उंची ३० सें.मी. किंवा त्याहून कमी आहे ना, हे पाहावे.

स्वस्त ट्रायपॉडची खरी खोट येथे उघड होते. त्यांच्या तिन्ही पायांना मधोमध एका आडव्या आधाराने जोडलेले असते. त्यामुळे पाय ठरावीक कोनाहून अधिक फाकत नाहीत, तिन्ही एकदमच उघडतात आणि सरीवरंब्यावर एक पाय वरंब्यावर व दोन सरीत ठेवता येत नाहीत. दुकानातील फरशीवर असा ट्रायपॉड फार स्थिर भासतो. शेतासाठी मात्र प्रत्येक पाय स्वतंत्रपणे, निदान दोन-तीन वेगवेगळ्या कोनांत पक्का होणारा ट्रायपॉड घ्यावा. मधला दांडा काढून उलटा बसवता येत असेल किंवा त्याचा आखूड भाग वेगळा होत असेल, तर कॅमेरा जमिनीलगत नेता येतो. दांडा उलटा लावल्यास कॅमेरा तीन पायांच्या मध्ये उलटा लटकतो व काम अवघडते. आखूड दांड्याची सोय अधिक बरी.

हाच मधला दांडा वर उचलला की तीन पायांचा ट्रायपॉड व्यवहारात एका पायाचा होतो. तो अगदी शेवटचा उपाय म्हणून वापरावा.

डोके

पायांइतकेच लक्ष वरच्या डोक्याकडे द्यावे. शक्यतो डोके वेगळे होणारे असावे. पाय व डोके यांच्यामध्ये सामान्यतः ३/८ इंची स्क्रू असतो आणि डोके व कॅमेरा यांच्यामध्ये १/४ इंची. ही मापे जगभर एकच असल्याने आज साधे डोके घेऊन पुढे चांगले बदलता येते. गोळ्यावर फिरणारे बॉल हेड झटपट कोणत्याही दिशेला वळते. तीन मुठींचे डोके सावकाश चालते, परंतु एका वेळी एकाच दिशेत सरकते. कीड-छायाचित्रणात चौकट मिलिमीटरने हलवायची असल्याने तीन मुठींचे डोके स्वस्तातही चांगले काम देते. स्वस्त बॉल हेडचा हमखास दोष असा की, मूठ आवळल्यावर कॅमेरा किंचित खाली झुकतो. अळीचे डोके चौकटीत आणावे, मूठ आवळावी आणि चौकटीत पोट यावे, हा अनुभव चिडवणारा असतो. कॅमेरा लावून दुकानातच हे तपासता येते.

कॅमेऱ्याखाली बसणारी पट्टी ३८ मि.मी. रुंदीच्या प्रचलित मापाची घ्यावी. विशिष्ट कंपनीची वेगळीच पट्टी हरवली, तर संपूर्ण ट्रायपॉड निरुपयोगी ठरतो. मोबाइल वापरणाऱ्यांनी स्प्रिंगच्या प्लॅस्टिक चिमट्याऐवजी स्क्रूने आवळणारा धातूचा मोबाइल-धारक घ्यावा. मोबाइलवर जोडभिंग लावून काम करणाऱ्यास ट्रायपॉडची गरज कमी नसून उलट अधिक असते, कारण अशा भिंगाला विषयाच्या अगदी दोन-तीन सेंटिमीटर जवळ जावे लागते आणि पडद्याला बोट लागले तरी चौकट हलते. दोन सेकंदांचा टायमर किंवा तारेच्या इअरफोनवरील आवाजाचे बटण वापरल्यास बोटाचा धक्का टळतो.

दुकानातील तपासणी

ट्रायपॉड पूर्ण उघडावा, मधला दांडा खालीच ठेवावा. डोक्यावर दोन्ही तळहात ठेवून शरीराचा थोडा भार द्यावा; एखादा पाय घसरून आत गेला, तर तो तेथेच नाकारावा. मग डोके पकडून पिळल्यासारखे डावी-उजवीकडे वळवून पाहावे. पाय जेथे वरच्या सांध्याला मिळतात तेथे खेळ जाणवला, तर तो पुढे वाढतच जातो. नंतर आपला मोबाइल किंवा कॅमेरा लावून, जास्तीत जास्त झूम करून रस्त्यापलीकडच्या पाटीवरील एखाद्या अक्षरावर रोखावा आणि पायावर बोटाने एक टिचकी मारावी. अक्षर थरथरते आणि शांत होते. शांत होण्यास किती वेळ लागतो ते मनातल्या मनात मोजावे. दोन-तीन ट्रायपॉड शेजारी-शेजारी लावून ही टिचकी मारली की माहितीपत्रकाचे वाचन करण्याची गरज राहत नाही. ऑनलाइन खरेदीत ही सोय नाही. तेथे परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी हीच चाचणी घरी करावी.

सध्याच्या बाजारात हजार-दीड हजार रुपयांत मिळणारे बहुतेक ट्रायपॉड आडव्या आधाराचे व प्लॅस्टिकच्या डोक्याचे असतात. ते मोबाइलवर सभेचे चित्रण करण्यास चालतील. वर वर्णिलेला भक्कम ॲल्युमिनियम ट्रायपॉड साधारणतः चार ते सात हजारांच्या घरात येतो. तालुक्याच्या गावी जुन्या फोटो स्टुडिओंत पडून असलेले, जाड नळ्यांचे ॲल्युमिनियम ट्रायपॉडही विचारून पाहावेत; त्यांचे खटके व आटे शाबूत असतील, तर निम्म्याहून कमी किमतीत नव्याहून सरस वस्तू हाती येते.

संस्थात्मक खरेदीत वेगळीच अडचण उद्भवते. मागणीपत्रात "ट्रायपॉड, पाच फुटी, एक नग" एवढेच लिहिले जाते आणि न्यूनतम दराचा नियम सर्वांत डुगडुगणारी वस्तू कार्यालयात आणून ठेवतो. यात नियमाचा दोष नाही, वर्णनाचा आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल : तीन भागांचे ॲल्युमिनियमचे पाय, सर्वांत बारीक नळीचा व्यास किमान १८ मि.मी.; पायांमध्ये आडवा आधार नसावा व प्रत्येक पाय स्वतंत्रपणे किमान दोन कोनांत पक्का व्हावा; मधला दांडा न उचलता उंची किमान १२० सें.मी. आणि किमान उंची ३० सें.मी.हून अधिक नसावी; डोके ३/८ इंची स्क्रूवर वेगळे होणारे, धातूचे; डोक्यासह वजन १.५ ते २.८ किलो; सोबत धातूचा मोबाइल-धारक. एवढे लिहिल्यावर न्यूनतम दराची वस्तूही उपयोगाची येते.

कृषी अभियांत्रिकी वा मृद्संधारण विभाग जवळ असल्यास त्यांच्या भांडारात डंपी लेव्हलचा लाकडी स्टँड बहुधा सापडतो. त्याच्या भक्कमपणाला कॅमेऱ्याचा कोणताही ट्रायपॉड क्वचितच पोहोचतो. त्याचा स्क्रू ५/८ इंची असतो. त्यावरून १/४ इंचावर येणारा जोड बाजारात मिळतो किंवा लेथवर करून घेता येतो. हा स्टँड फार खाली येत नाही, त्यामुळे बांधावर एका जागी रोवून पिकाच्या वाढीची क्रमवार चित्रे घेण्यापुरताच तो कामाचा.

शेतात उभारताना

काळ्या भारी जमिनीत पावसानंतर ट्रायपॉडचे पाय चित्र घेता घेता खचत जातात. प्रत्येक पायाखाली नारळाची करवंटी पालथी घालावी किंवा फळीचा वीतभर तुकडा ठेवावा. भातखाचरात हे न चुकता करावे. भुसभुशीत कोरड्या जमिनीत पायाखालचे रबर काढून टोके रोवावीत. उतारावर दोन पाय उताराच्या बाजूस ठेवावेत. जाड नळ्या आधी उघडाव्यात व बारीक नळ्या गरज पडली तरच. लेन्स ज्या दिशेला पुढे येते त्या दिशेला एक पाय असावा, म्हणजे वजन पुढे कलंडत नाही.

वाऱ्यात मधल्या आकड्याला वजनाची पिशवी लटकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लटकणारी पिशवी स्वतःच झोके घेऊ लागते. ती जमिनीला टेकेल इतकी खाली असावी. ट्रायपॉडवर कॅमेरा असताना लेन्समधील स्थिरीकरणाची सोय बंद करावी. जुन्या लेन्समध्ये ती नसलेली हालचाल शोधत राहते व स्वतःच चित्र हलवते.

आणि इतके करूनही पान हलते! ट्रायपॉड कॅमेरा स्थिर करतो, पीक नव्हे. या साध्या गोष्टीचा विसर पडल्याने चांगला ट्रायपॉड घेऊनही अनेकांची निराशा होते. कपडे वाळत घालण्याचे दोन चिमटे बांबूच्या काठ्यांना बांधावेत, काठ्या जमिनीत रोवाव्यात आणि ज्या पानावर कीड आहे त्याचा देठ व टोक अलगद धरावे. वाऱ्याच्या बाजूला सोबत्याने छत्री धरली तर आणखी बरे. किडीच्या शेजारी आलेख कागदाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली एक लहान पट्टी त्याच प्रतलात ठेवावी. ओळख पटविणाऱ्यास आकार कळणे हे रंगाइतकेच मोलाचे आहे. कॅमेरा स्थिर असल्याने आधी पट्टीसह व मग पट्टीविना अशी दोन सारखी चित्रे मिळतात.

अमेरिकन लष्करी अळीची शंका असल्यास डोके समोरून, शेवटचे खंड वरून, संपूर्ण अळी बाजूने आणि पोंग्यातील नुकसान अशी चार चित्रे घ्यावीत. मिरचीच्या फुलांतील फुलकिड्यांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. २०२१-२२ च्या हंगामात आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीवर थ्रिप्स पार्विस्पायनस या परकीय फुलकिड्याचा मोठा उद्रेक झाला. त्याची गडद मादी फुलांत गर्दी करते, तर आधीपासून परिचित असलेला फिकट पिवळा फुलकिडा प्रामुख्याने कोवळ्या पानांवर असतो. ट्रायपॉडवरील स्पष्ट चित्राने गडद व फिकट हा भेद कळतो व संशय घेण्यास आधार मिळतो. नेमकी जात ठरवणे हे सूक्ष्मदर्शकाचेच काम आहे, म्हणून चित्रासोबत ७० टक्के अल्कोहोलमध्ये नमुनाही जपावा.

ट्रायपॉड घेणे जमत नसेल तर

हार्डवेअरच्या दुकानात दोन सुती, म्हणजे १/४ इंची बोल्ट मिळतो. त्याला दोरी बांधून बोल्ट कॅमेऱ्याच्या तळाशी फिरवावा, दोरीचे दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताणावी. वर-खालीची थरथर लक्षणीय कमी होते. बोल्ट मात्र इंचाला २० आट्यांचा असावा. ६ मि.मी.चा मेट्रिक बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याचे आटे वेगळे असल्याने तो कॅमेऱ्याचे आटे कायमचे बिघडवतो. तसेच कॅमेऱ्यातील भोक ४ ते ५ मि.मी. खोलच असते, लांब बोल्ट जोराने फिरवू नये, मध्ये जाड वायसर घालावेत.

जमिनीलगतच्या चित्रणासाठी तर कापडी पिशवी ट्रायपॉडहूनही सरस ठरते. जाड कापडाची वीतभर पिशवी दोन-तृतीयांश भरून त्यावर कॅमेरा टेकवावा. ती तांदळाने किंवा मुगाने भरावी असे सुचविले जाते. मात्र काही महिन्यांतच त्या पिशवीतून सोंडे व भुंगेरे निघू लागतात आणि छायाचित्रकाराला शेतात जाण्याचे कारणच उरत नाही! प्लॅस्टिकचे दाणे भरावेत. वाळू शिवणीतून झिरपून कॅमेऱ्यात जाते.

उंच पिकात कमरेइतक्या बांबूच्या काठीला वरच्या टोकाशी मोबाइल-धारक पक्का बांधल्यास एकपायी आधार तयार होतो. तुरीच्या ओळीत ट्रायपॉड उघडायला जागाच नसते, तेथे हीच काठी चालते.

देखभाल थोडीच, पण नियमित हवी. खाचरातून आल्यावर पाय तसेच मिटवले, की चिखल नळ्यांच्या आत जातो आणि पुढच्या वेळी खटका धरत नाही. सर्व भाग बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवावेत, पुसावेत, सावलीत उघडेच वाळू द्यावेत. कोकण, गोवा व केरळच्या किनारी भागात खाऱ्या हवेमुळे स्क्रूंना गंज चढतो, तेथे हे प्रत्येक फेरीनंतर करावे. नुकत्याच फवारलेल्या शेतात ट्रायपॉड नेला असल्यास धुताना हातमोजे घालावेत आणि ते पाणी विहिरीजवळ वा जनावरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नये. हंगामाच्या आरंभी षट्कोनी चावीने सर्व खटके एकदा आवळावेत व ती चावी ट्रायपॉडच्या पायालाच, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्याखाली खोचून ठेवावी.